शेऱ्याचा रकाना

कांजूरमार्ग,
११ जून २०२५, बुधवार

चि. अनुपमास,

काकीचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तू कशी आहेस हे मात्र विचारत नाही. तुझ्या त्या नवऱ्याने, नितेशने, गार्गीला बालवाडीतून उचलून नेलं त्याला उद्या तीन महिने होतील. जिला आपलं पाच वर्षांचं लेकरू कुठे आहे हेच ठाऊक नाही, तिला खुशाली कोणत्या तोंडाने विचारू?

दर्शनाने बजावलं आहे, तुला फोन करायचा नाही, तू कुठे राहतेस ते विचारायचं नाही, लिहायचं ते कागदावर लिहून गुरुवारी ती वस्तीत आली की तिच्या हातात द्यायचं. तिच्या संस्थेने आसरा दिलेल्या सगळ्या बायकांना हाच नियम आहे म्हणे. मला पटला. सोळा वर्षं आरोग्य सेविका म्हणून दारोदार फिरले, आधी रजिस्टरात आणि मग टॅबमध्ये अख्ख्या वस्तीची माहिती भरली, आणि आज कागद-पेन घेऊन बसल्यावर बरं वाटतंय. कागदाला ओटीपी लागत नाही.

तुम्हा दोघींची वरची खोली मी कोणाला दिलेली नाही. सोनूबाई भाच्यासाठी मागत होती, तिला म्हटलं भिंतीला ओल आली आहे. ओल कसली! त्या भिंतीवर गार्गीने पेन्सिलीने काढलेलं मांजर आहे. मी तिला विचारलं होतं, "ह्या मांजराक पाच पाय कित्याक गो?" तर म्हणाली, "आजी, तो पाय नाही, शेपूट आहे. ते दमलंय म्हणून खाली टेकलंय." वारा फिरला की कचऱ्याच्या डंपिंगचा वास येतो, तेव्हा खिडकी लावायला म्हणून वर जाते. खिडकी लावायला एक मिनिट लागतं. मी तासभर बसते.

सोनूबाईचीच एक गंमत सांगते. तिची साखर आपल्या आरोग्य सर्व्हेत सापडली, आठवतं? पायाची जखम भरत नव्हती, मी टॅबमध्ये 'होय' दाबलं, आठवड्यात तपासणी झाली आणि पाय वाचला. आता तिला रोज कोणी ना कोणी फोन करतं. 'मॅडम, मधुमेहावर आमचा काढा घ्या.' ती मला दारात अडवून विचारते, "वनमाला, माझी साखर तुका ठावक, माका ठावक. ह्या मेल्याक कोणी सांगल्यान?" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले.

सोमवारी दुपारी ओट्यावर जमायची ती पद्धत मी बंद केली. बायका सुपात फोन आणून ठेवायच्या, प्रत्येकीच्या फोनखाली नावाची चिठ्ठी, आणि मी एकेकीचा उचलून ओटीपी बघायचा, टॅबमध्ये टाकायचा, शेवटच्या पानावर 'माहिती देण्यास माझी संमती आहे' दाबायचं. सगळ्यांच्या वतीने मीच दाबायची. 'काकी करतात ना, मग झालं.' आमच्या केंद्रात शंभर टक्के नोंद झालेली आपली एकच गल्ली. मला केवढा तोरा होता त्याचा! तुझा फोन तेवढा सुपात कधी नसायचा. मी तुला टोचून बोलायचे, "काय गं, तुझ्या फोनात काय सोनं आहे?" तू नुसती मान खाली घालून पोळ्या लाटायचीस.

पण तोच सर्व्हे नसता तर गार्गीच्या हृदयाला भोक आहे हे आपल्याला कळलं असतं का? तू म्हणायचीस, नाजूक आहे पोर, लवकर दमते. बालवाडीतल्या तपासणीत आमच्या केंद्राच्या डॉक्टर मॅडमनी कान लावला, नोंदीवर लाल खूण आली आणि तिचं नाव मोठ्या हॉस्पिटलच्या यादीत गेलं. ऑपरेशननंतर तिची नखं गुलाबी झाली तेव्हा आपण दोघी एकमेकींना धरून किती रडलो. ते विसरू नकोस.

इकडे सगळे म्हणतात, मेसेजने घात केला. गार्गीच्या आरोग्य कार्डाला बापाचा नंबर जोडलेला होता, ऑपरेशनचा मेसेज आपोआप त्याच्याकडे गेला, त्यावरून तो माग काढत आला. दर्शनाही तेच म्हणते. मॅडमनी वर तक्रार लिहिली आहे. असेल. यंत्राला काय कळतं कोण कोणापासून लपलंय ते.

चार ओळी लिही. काही विचारायचं असेल तर विचार.

तुझी,
वनमालाकाकी


कांजूरमार्ग,
९ जुलै २०२५, बुधवार

अनुपमा,

तुझी चिठ्ठी मिळाली. आशीर्वाद आज लिहीत नाही, का ते पुढे कळेल.

तू एकच वाक्य लिहिलंस. 'काकी, मेसेजमध्ये मोठ्या हॉस्पिटलचं नाव होतं, मग त्याला कांजूर कोणी सांगितलं?'

मी सांगितलं.

मागच्या पत्रात लिहिणार होते. गार्गीच्या मांजरावर आले, सोनूबाईच्या साखरेवर आले, आणि तिथून पुढे पेन सरकेना. मग यंत्रावर ढकलून मोकळी झाले. चार महिने सगळ्यांसमोर हेच करते आहे. तू विचारलं नसतंस तर बहुतेक मरेपर्यंत केलं असतं.

जानेवारीतला तो बुधवार. मॅडमनी मला बोलावून सांगितलं, हॉस्पिटलने गार्गीला जागा दिली आहे, पण शुक्रवार दुपारपर्यंत कार्ड पडताळून पाठवा, नाहीतर जागा पुढच्या मुलाला जाईल. मी टॅब उघडला. ओटीपी कार्डाला जोडलेल्या नंबरवर जाणार होता, आणि पडद्यावर त्या नंबरचे फक्त शेवटचे दोन आकडे दिसत होते. तुला विचारलं, तर तू म्हणालीस, "तो नंबर बंद आहे काकी. त्या कार्डाला हात लावू नका, नवीन काढा." नवीन कार्डाला तीन महिने लागले असते. मॅडम म्हणत होत्या, पोर तीन महिने काढेल याची खात्री नाही.

गुरुवारी तू मुलुंडला कामावर गेलीस. गार्गीची फाईल माझ्याकडेच होती. तिच्या लसीकरणाच्या पुस्तकात मागच्या पानावर पेन्सिलीने एक नंबर लिहिलेला होता, 'बाबा' असं लिहून. शेवटचे दोन आकडे जुळले.

मी फोन केला.

मला वाटलं होतं, दोन मिनिटांचं काम. कोण बोलतंय ते सांगायचंच नाही, सहा आकडे घ्यायचे आणि ठेवून द्यायचं. मनाशी घोकलंही होतं. पण त्याने फोन उचलला आणि माझ्या तोंडातून आपसूक बाहेर पडलं, "नमस्कार, मी वनमाला तावडे, कांजूर टेकडी आरोग्य केंद्रातून बोलते." सोळा वर्षांची सवय, अनुपमा. आम्हाला शिकवलेलंच तसं आहे, आधी आपलं नाव, मग केंद्राचं नाव, म्हणजे लोक विश्वास ठेवतात. दिवसातून तीस वेळा मी ते वाक्य म्हणते.

तो म्हणाला, "बोला ना ताई." मी सांगितलं, गार्गीच्या ऑपरेशनसाठी आहे. त्याने सहा आकडे सावकाश दोनदा वाचून दाखवले. म्हणाला, "ताई, माझं लेकरू वाचेल ना? तुमचे उपकार कसे फेडू?" आवाजात इतका गोडवा होता की फोन ठेवल्यावर माझ्या मनात आलं, ही पोरगी जरा वाढवूनच सांगत असेल. नवरा-बायकोत होतं थोडंफार.

हे लिहायची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. तू मला पाठ दाखवली होतीस. तुझ्या खांद्याला मी स्वतः मलम लावलं होतं, इस्त्रीचा तो तिकोनी डाग या बोटांनी चाचपला होता. मला सगळं माहीत होतं. तरी एका गोड आवाजासाठी मी तुला खोटी ठरवली, आणि संध्याकाळी तू आल्यावर म्हणाले, "झालं गं कार्ड. मॅडमनी वरून करून घेतलं." तू माझ्या पायांवर डोकं ठेवलंस. मी ठेवू दिलं.

तो लगेच आला नाही यावरून मी आणखी निर्धास्त झाले. आता कळतं, त्याने ऑपरेशन होऊ दिलं, टाके सुकू दिले, पोर धडधाकट होऊन बालवाडीत जायला लागेपर्यंत थांबला. मग आला. बालवाडीच्या बाईंना त्याने मोबाईलवर गार्गीचं कार्ड दाखवलं, मी नुकतंच पडताळून दिलेलं. वडिलांचं नाव जुळलं, फोटो जुळला. त्या बिचारीचा काय दोष? पोलीसही तेच म्हणाले, बाप आहे, कागद बरोबर आहेत, कोर्टात जा. आणि कोर्ट विचारतं, मूल कुठे आहे?

रोज सकाळी मी स्वतःला विचारते, तो फोन केला नसता तर? तर जागा गेली असती, आणि कदाचित गार्गी आज कुठेच नसती. मग म्हणते, बरं केलंस. मग वर जाऊन ते मांजर बघते आणि म्हणते, वनमाला, तुझं तोंड जळो. दोन्ही खरं आहे, दोन्ही एकाच दिवशी मीच केलं. तुला विचारलं असतं तर निदान तू तयारीत राहिली असतीस. दोन दिवस होते आपल्याकडे. दर्शनासारखी बाई तेव्हा शोधता आली असती. काहीतरी करता आलं असतं. मी विचारलंच नाही, कारण तू नाही म्हणशील हे मला ठाऊक होतं. टॅब आल्यापासून मी सगळ्यांची संमती स्वतःच दाबत आले, तुझीही दाबली.

संमतीचं ते शेवटचं पान परवा पहिल्यांदा उघडून वाचलं. अकरा पानं आहेत. चष्मा लावून वाचायला बसले, तरी कोण कोणाला काय देणार ते अर्ध्याहून जास्त कळलं नाही. ओट्यावर बायकांना बोलावून जेवढं कळलं तेवढं सांगितलं. सोनूबाई म्हणाली, "आता सांगतंस?"

माफी मागत नाही. आधी गार्गी आणून दे, मग माफी माग, असं तू म्हणालीस तर मी काय देणार? तुला माझ्यावर केस करायची असेल तर कर. दर्शनाला मी सगळं सांगितलं आहे, ती लिहून घेईल तिथे सही करीन.

काकी लिहायला हात धजत नाही.

वनमाला


कांजूरमार्ग,
१७ सप्टेंबर २०२५, बुधवार

अनुपमा,

दोन महिने तुझी चिठ्ठी नाही. येऊ नये हेच बरोबर आहे. हेही पत्र तू फाडून टाकलंस तरी चालेल, पण आधी शेवटपर्यंत वाच. पुढे तुझ्या कामाचं आहे.

गार्गी सापडली आहे. जिवंत आहे, बरी आहे.

नीट सांगते. ऑपरेशन झालेल्या मुलाचं नाव वर्षभर पहिल्या केंद्राच्या यादीत राहतं, दर महिन्याची तपासणी चुकू नये म्हणून. गार्गीचं नाव माझ्या टॅबमध्ये एप्रिलपासून लाल अक्षरांत होतं, 'तपासणी चुकली'. मे, जून, जुलै, ऑगस्ट, तसंच. सकाळी टॅब उघडला की पहिली तीच ओळ. देवापुढे हात जोडायच्या आधी मी ती बघायचे. या सोमवारी ती ओळ हिरवी झाली. 'अन्य केंद्रात तपासणी पूर्ण.'

कुठलं केंद्र ते उघडायला गेले तर टॅब म्हणाला, ही नोंद तुमच्या कार्यक्षेत्राबाहेरची आहे, उघडायचीच असेल तर कारण लिहा. मला अशी नोंद उघडायचा अधिकार नाही, आणि उघडली की माझं नाव, तारीख, वेळ कायमची चिकटते. मी कारण लिहिलं, 'आई शोधत आहे.' आणि उघडली.

त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. दर्शनाच्या कानात सांगणार आहे, ती तुला सांगेल आणि तुमच्या वकीलबाईंना सांगेल. पत्ता सांगायची माझी खोड जाता जाता मोडली म्हण.

वजन चौदा किलो आठशे. मार्चमध्ये चौदा दोनशे होतं. म्हणजे खाते आहे पोर. हृदयाचे ठोके नीट, टाक्यांची जागा स्वच्छ. मी ते आकडे चारदा वाचले.

आता पुढचं वाचताना आधी बसून घे. आईच्या नावापुढे 'मयत' लिहिलं आहे.

त्याने सांगितलं असणार. तिथली सेविका माझ्यासारखीच असेल, तिने विचारलं असेल, "आई?" आणि त्याने गोड आवाजात मान खाली घालून सांगितलं असेल. मी असते तर मीही 'मयत' दाबलं असतं, वर पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला असता. मी तो शब्द खोडायला गेले. टॅब म्हणाला, बदल करायचा तर आई हयात असल्याचा पुरावा जोडा आणि वडिलांच्या नंबरवर आलेला ओटीपी टाका.

पण अनुपमा, प्रत्येक नोंदीच्या खाली 'शेरा' म्हणून एक रकाना असतो. तो कोणी भरत नाही. भरला नाही तरी पान पुढे जातं, म्हणून सोळा वर्षांत मी एकदाही भरला नाही. गल्लीतल्या कोणाच्या घरात काय जळतंय ते मला पाठ होतं, तरी प्रत्येक घराचा तो रकाना मी कोरा सोडला. तुझाही. 'या बाईचा पत्ता कोणाला देऊ नये' एवढं एक वाक्य त्यात मावलं असतं.

त्या परक्या गावातल्या सेविकेने तो भरला आहे. पोरीला बाजूला घेऊन विचारलं असेल, की पोरच आपणहून बोलली असेल, देव जाणे. तिने लिहिलं आहे, 'वडील सांगतात आई मयत. बालक सांगते, आई कांजूरला आहे, तिथे भिंतीवर माझं मांजर आहे.'

मी टॅब मांडीवर ठेवून केंद्रातच मोठ्याने रडले. मॅडम धावत आल्या. त्यांना सगळं सांगितलं, फोनचंसुद्धा. त्या म्हणाल्या, "वनमालाताई, हे वर कळवावं लागेल." म्हटलं, कळवा. दुपारी टॅब जमा करून आले. उद्या दर्शनाबरोबर जाऊन लेखी जबाब देणार आहे, त्यात मी फोन केला तेही असेल आणि नोंद उघडली तेही. वकीलबाईंना गावाचं नाव न सांगता फोनवर विचारलं, त्या म्हणतात, मूल कुठे आहे हे आता कोर्टाला सांगता येईल, आणि जिवंत बाईला मेलेली दाखवणाऱ्या बापाला उत्तर द्यावं लागेल. किती दिवस लागतील ते त्यांनाही सांगता येत नाही. तोपर्यंत त्याने पुन्हा जागा बदलली तर, हा विचार मला आहे तसा तुलाही येणार. तो खोटा आहे असं मी म्हणणार नाही.

एवढंच सांगते. तू कांजूरला नाहीस हे तिला ठाऊक नाही. ती पोरगी त्या अनोळखी गावात ज्याला त्याला हाच पत्ता सांगत असणार, कधीतरी कोणी सज्जन माणूस तिचं बोट धरून या गल्लीत येईलही. तेव्हा दार बंद दिसता कामा नये. वस्तीत कोणी मला तोंड दाखवू नकोस म्हटलं तरी मी हे घर सोडणार नाही, वरच्या खोलीला कुलूप लावणार नाही, आणि त्या भिंतीला रंग लावणार नाही.

तू तिला आण. मला भेटायला येऊ नकोस, तुझ्या मनात नसेल तर कधीच येऊ नकोस. फक्त सापडली की दर्शनाकडे एक कोरा कागद दे. मी समजेन.

गार्गीने सांगितलेल्या पत्त्यावर थांबलेली,
वनमाला